संगणकाच्या श्वासोच्छ्वासाची व्यवस्था

विमान धावपट्टीच्या अगदी तोंडाशी आलेले असताना सहवैमानिकाने अंतर्धान पावणे हे कोणत्याही दृष्टीने भूषणावह नव्हे. आणि मी तर एका उन्हाळ्यात दोन वेळा अंतर्धान पावलो होतो. विमान खरे नव्हते, हे प्रारंभीच नमूद करतो. ते संगणकाच्या पडद्यावरचे होते. परंतु मुख्य वैमानिक मात्र खरी होती, कारण ती माझी कन्या येल्का. ती खंडाच्या पार दुसऱ्या टोकाला, एका बंदराच्या गावी परिचारिका आहे. दर शनिवारी दुपारी ती तिच्या खोलीतून आणि मी ड्राय जॅक या खाणींच्या गावातील, डोंगर कोरून केलेल्या माझ्या भुयारी घरातून, असे आम्ही बापलेक मिळून एक प्रवासी विमान हाकतो.

या गोष्टीला कोणी पोरखेळ म्हणेल, तर त्याने आधी स्वतःच्या वयात आलेल्या मुलीशी दूरध्वनीवर बोलून पाहावे. आमचे दूरध्वनीवरचे संभाषण असे असते: "जेवलास?" "जेवलो. तू?" "जेवले." यानंतर दोन्ही बाजूंनी खोकणे. परंतु विमानात हात गुंतलेले असले की तोंड मोकळे होते, असा माझा अनुभव आहे. एकीकडे उंची सांभाळायची, दुसरीकडे इंधन पाहायचे, आणि मधल्या निवांत वेळात तिने सहज म्हणावे, "बाबा, आमच्या वॉर्डात आज एक म्हातारा गेला, मला रडू आलं." असे वाक्य जमिनीवर राहून तिने मला कधीही सांगितले नसते.

त्या शनिवारी आम्ही उतरणीला लागलो होतो. चाके खाली सोडण्याचे माझे काम मी नुकतेच पार पाडले होते. येल्का म्हणाली, "बाबा, तुला एक विचारायचं होतं." मी म्हणालो, "विचार की." आणि पडदा काळा झाला. संगणक बंद. त्याच्या पेटीवर हात ठेवून पाहतो, तो ती तव्यासारखी तापलेली.

मी तत्काळ दूरध्वनी केला.

"काय विचारायचं होतं तुला?"

"काही नाही रे. असंच. जेवलास?"

"येल्का, विमान उतरलं का?"

"उतरलं. एकटीनं उतरवलं. बाबा, हे दुसऱ्यांदा झालं. मंडळाचा नियम तुला माहीत आहे."

माहीत होता. आम्ही ज्या हौशी मंडळाच्या नावाने उडतो त्याचे नियम खऱ्या विमान कंपनीला लाजवतील असे कडक आहेत. जो सहवैमानिक तीनदा मध्येच नाहीसा होईल त्याची खुर्ची काढून दुसऱ्याला देतात. आणि दुसरा तयार होता. डुनेडिनचा कुणी डेस्मंड नावाचा दंतवैद्य. त्याचा आवाज मी एकदा ऐकला आहे. दात काढण्यापूर्वी माणसाला गाफील ठेवण्यासाठी असतो तसा, अतिशय मऊ.

"पुढच्या शनिवारी ठीक होईल," मी म्हणालो. "मी स्वतः लक्ष घालतो."

"म्हणूनच भीती वाटते," कन्या म्हणाली.

आता यंत्राविषयी. येल्कानेच निवडून दिलेला हा खेळाचा संगणक म्हणजे काळ्या रंगाची भली थोरली पेटी असून तिची एक बाजू काचेची आहे. आत तीन पंखे आहेत आणि त्या पंख्यांत दिवे आहेत. ते कधी लाल, कधी हिरवे, कधी निळे, कधी सगळेच मिळून उजळतात. एखाद्या गंभीर यंत्राने जत्रेतील पाळण्यासारखे का वागावे, हे मला उमगलेले नाही. परंतु ही रोषणाई बंद करण्याची कळ न सापडल्यामुळे मी तिच्याकडे दुर्लक्ष करण्याचे धोरण स्वीकारले होते.

पहिल्याने हे यंत्र टेबलावर होते. त्याच टेबलावर माझी पत्नी स्लाव्का गावातील लोकांचे पडदे शिवते. यंत्राने तिच्या शिवणकामाचा सारा दोरा, कापूस व तंतू आत ओढून घेतले, आतून त्याला लोकरीचे बनियन घातल्यासारखे झाले, आणि ते प्रथम बंद पडले. यावर उपाय म्हणून मी भिंतीत कोनाडा कोरला. आमच्याकडे कपाट हवे असल्यास कोणी सुतार बोलावीत नाही. डोंगर घराच्या चारी बाजूंनी आहेच, हवा तेवढा कोरून घ्यायचा. मी पेटीचे माप घेऊन असा नेटका कोनाडा कोरला, की पेटी आत सरकवल्यावर बाजूने पोस्टकार्डही जाऊ नये, फक्त डोक्यावर वीतभर जागा राहावी. देव्हाऱ्यात मूर्ती बसावी तशी ती बसली. त्या नेटकेपणाचा मला अभिमान होता, आणि त्याच नेटकेपणाने माझा घात केला.

माझे शालेय शिक्षण जरी सहाव्या इयत्तेपुढे गेले नाही, तरी पोस्टात टपाल वेगळे करीत असता लोकांची नियतकालिके वाटण्यापूर्वी वाचण्याची सवय मी कसोशीने पाळली. त्यामुळे गाव मला ‘प्रोफेसर’ म्हणते. त्यातील उपहास मला कळतो. तथापि जिज्ञासा ही लाजण्याची गोष्ट नव्हे, असे माझे मत आहे. मी पेटी बाहेर ओढली, उघडली आणि तिच्यापुढे स्टूल घेऊन बसलो. मला खरोखरच कुतूहल वाटत होते. हवा दिसत नाही. मग ती आत शिरते कुठून, जाते कुठे, आणि जाताना उष्णता घेऊन जाते की विसरून जाते? शेवटी मी एक मेणबत्ती पेटवून विझवली आणि तिचा धूर पंख्यांसमोर धरला. पुढच्या पंख्याने धूर आत ओढला. वरच्यानेही आत ओढला. मागच्यानेही आतच ओढला. मी थक्क होऊन पाहत राहिलो, कारण हे पंखे मीच बसवले होते. तापलेल्या गरिबाला सर्व बाजूंनी वारा घालावा, या सद्भावनेने.

या वेळी ताकिस आला. ताकिस हा आमच्या घरासमोरील ग्रीक गृहस्थ. उभा जन्म ओपल या रंग उधळणाऱ्या रत्नाच्या खाणीत गेल्यामुळे तो कोणत्याही वस्तूकडे खाण म्हणूनच पाहतो. त्याने पेटीत डोके घातले, धूर पाहिला आणि म्हणाला, "प्रोफेसर, तिन्ही दारांतून पाहुणे आत घेतोस, आणि बाहेर जायला दार नाही. लग्नाचा हॉल आहे का रे हा?"

"वारा सगळीकडून मिळावा म्हणून..."

"आमच्या खाणीत असं केलं असतं ना, तर तू संध्याकाळपर्यंत मेला असतास. हवा एका भोकातून आत, दुसऱ्यातून बाहेर. एवढं उंदराला कळतं."

उंदराचा उल्लेख अनावश्यक होता. परंतु मी मागचा व वरचा पंखा उलटा केला, पुन्हा धूर धरला, आणि काय सांगावे, धूर पुढून शिरून मागून शहाण्यासारखा बाहेर पडला. मला एवढा आनंद झाला की मी स्लाव्काला शिवण सोडून यायला लावले. तिने धूर पाहिला, मान डोलावली आणि देवघरातली मेणबत्ती कोणी घेतली, असे विचारले.

हा आनंद पेटी पुन्हा कोनाड्यात सरकवेपर्यंत टिकला. आत गेल्यावर धूर मागून निघे, कोनाड्याच्या भिंतीवर आपटे, पेटीच्या डोक्यावरून पुढे येई आणि पुन्हा पुढच्या पंख्यातून आत शिरे. यंत्र स्वतःचाच उच्छ्वास पुनःपुन्हा प्राशन करीत होते.

"मागची सुरंग बंद आहे," ताकिसने निदान केले. "मागे भोक पाड. वर, तिरकं. तुझ्या झोपायच्या खोलीचं हवेचं भोक तिथून फार लांब नाही. त्याला नेऊन जोड. झालं."

"टेबलावर परत ठेवलं तर?" स्लाव्काने विचारले.

"तुझे पडदे आहेत," मी म्हणालो.

"मग जमिनीवर?"

"जमिनीवर वाळू आहे."

"मग विंको, कोनाडा जरा मोठा कर."

हा सल्ला वस्तुतः योग्य होता, हे मला आज दिसते. परंतु मोठा कोनाडा म्हणजे नुसता मोठा खड्डा. आणि मागून वायुमार्ग म्हणजे रचना. मी रचनेकडे ओढला गेलो. ताकिसने त्याचे लांब गिरमिट आणून दिले आणि मी कामाला लागलो.

आता येथे आमच्या गावची एक रीत सांगणे भाग आहे. गावाच्या हद्दीत ओपलसाठी खोदण्यास बंदी आहे. घर वाढवण्यास नाही. त्यामुळे ड्राय जॅकमध्ये लोकांना घर वाढवण्याची विलक्षण हौस आहे. नवराबायको दोघेच असलेल्या घरात पाहुण्यांच्या खोल्या आढळतात, ज्यांत कधी पाहुणा उतरलेला नाही. ज्याच्या दाराबाहेर मातीची बादली रिकामी होते, त्याच्या बादलीकडे गाव प्रथम पाहते आणि चेहऱ्याकडे मग. दगडात रंग, म्हणजे किमती ओपल, दिसला की नाही, हे येथे कोणी विचारीत नाही आणि कोणी सांगत नाही. जो तो ओळखतो.

मी पहिली बादली दाराबाहेर ओतली, तेव्हा शेजारच्या मॉरीनबाई त्यांच्या दारात चहा पीत होत्या. त्यांचे घर आमच्याच टेकडीत, भिंतीला भिंत लावून आहे. त्यांचे कैलासवासी यजमान रेग यांनी हयातभर खोदून एक पोतेभर बिनरंगी ओपल जमवले, ज्याला कोणी विचारीत नाही. बाईंनी ते दाराशी कुंड्यांतून मांडून ठेवले आहे.

"काय विंको, खोली वाढवतोयस?"

"नाही मॉरीन. संगणक तापतो. त्याला हवा मिळावी म्हणून भोक पाडतोय."

त्यांनी प्रथम बादलीकडे पाहिले आणि नंतर माझ्या चेहऱ्याकडे. मग म्हणाल्या, "हे चांगलं आहे. हे आत्तापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं."

"अहो, खरंच तापतो."

"तापणारच. आमचा रेगही म्हणायचा, बटाटे नासतात म्हणून कोठी वाढवतोय. बटाटे आम्ही कधी खाल्ले नाहीत."

दुसऱ्या बादलीनंतर माझ्या मातीच्या ढिगाशी माणसे दिसू लागली. आमच्याकडे दुसऱ्याचा ढीग चिवडण्यास कोणी वाईट मानीत नाही, किंबहुना तो एक सामाजिक उपक्रम आहे. परंतु आपल्या संगणकाच्या वायुमार्गाची माती गावातील प्रतिष्ठित मंडळी गुडघ्यांवर बसून चाळणीने चाळीत आहेत, हे पाहणे मनाला लागते. मी बाहेर जाऊन सांगे, "मंडळी, यात काही नाही." त्यावर ते सहानुभूतीने म्हणत, "बरोबर आहे. आम्हीही असंच सांगितलं असतं."

माझ्या प्रामाणिकपणाचा हा असा उपयोग होताना पाहून मी व्यथित झालो. स्लाव्काकडे पडदे शिवायला येणाऱ्या बायका अचानक पडद्यांच्या निमित्ताने कोनाड्यापर्यंत येऊ लागल्या. एकीने तर यंत्रावर पदर टाकल्याप्रमाणे झाकलेले फडके उचलून मागे काय आहे ते पाहिले. स्लाव्का रात्रीच्या जेवणाला मला म्हणाली, "तू मला पण सांगत नाहीस का?"

"काय?"

"काही नाही," ती म्हणाली, आणि सारमाचा मोठा तुकडा माझ्या पानात वाढला. कोबीच्या पानातला तो खिमा आमच्या घरी सणालाच होतो. म्हणजे तिचाही विश्वास बसत चालला होता.

नगर परिषदेच्या ऑगिल्वीबाई याच सुमारास आल्या. त्या नेहमी फूटपट्टी बाळगतात आणि कोणालाही दुखवत नाहीत, हे त्यांचे विशेष. त्यांनी कोनाड्यात विजेरी घातली.

"मिस्टर बारिच, हे भोक कशासाठी?"

"हवा खेळण्यासाठी."

"छान. कुठल्या खोलीसाठी? झोपायची, स्वयंपाकाची की न्हाणी? अर्जात एवढ्याच आहेत."

"खोलीसाठी नाही. यंत्रासाठी."

"खोलीशिवाय हवेचं भोक मंजूर होत नाही. बरं, किती माणसं त्यातून श्वास घेणार?"

मी विचार केला. खोटे लिहिणे माझ्या स्वभावात नाही. "एकही नाही," मी म्हणालो.

"मग ते हवेचं भोक नाही. मग ते खोदकाम आहे." त्या खेदाने म्हणाल्या. त्यांनी फूटपट्टी आत घालून पुन्हा बाहेर काढली आणि डोळे बारीक केले. "आणि हे नेताय कुठं?"

"वर, तिरकं. झोपायच्या खोलीच्या हवेच्या भोकाकडे."

"तुम्ही सरळ मॉरीन टिबेट्सच्या कोठीकडे चाललायत."

मी हे मान्य केले नाही. परंतु त्यांनी होकायंत्र दाखवले, आणि होकायंत्राशी वाद घालण्याइतका मी अडाणी नाही. गिरमिट प्रत्येक वेळी माझ्या उजव्या खांद्याच्या दुखण्यामुळे डावीकडे झुकत गेले असावे. ऑगिल्वीबाईंनी दारावर ‘काम थांबवावे’ अशी सूचना चिकटवली, मनापासून दिलगिरी व्यक्त केली, आणि गेल्या.

या सूचनेचा काय परिणाम झाला, याची बाहेरच्या माणसाला कल्पना येणार नाही. आमच्या गावात परिषदेने काम थांबवले याचा अर्थ एकच: खाली रंग आहे, आणि तो परिषदेलाही दिसला आहे. संध्याकाळी ताकिस मेंढीची भाजलेली तंगडी घेऊन आला व माझे दोन्ही हात हातांत घेऊन म्हणाला, "मला आधी सांगायचंस रे. गिरमिट माझं आहे."

"ताकिस, तू स्वतः मला भोक पाडायला सांगितलंस. तू धूर पाहिलास."

"पाहिला," ताकिस डोळे मिचकावून म्हणाला. "काय धूर होता."

एक मॉरीनबाई मात्र अभिनंदनाला आल्या नाहीत. त्या दारात चहाही पिताना दिसेनात. मला वाटले, त्यांना वाईट वाटले असावे.

शनिवार उजाडला. वायुमार्ग हातभर आत जाऊन आंधळाच राहिला होता. माझ्यापाशी एवढेच साहित्य होते: उलटे केलेले पंखे, अर्धे भोक, आणि स्लाव्का. ताकिसच्या सल्ल्यावरून तिने गोठवलेल्या मटारची पिशवी फडक्यात गुंडाळून पेटीच्या डोक्यावर धरायची होती. पडद्याच्या कोपऱ्यात यंत्राचा ताप दाखवणारा आकडा मी ठेवून घेतला होता. विमान उडाले तेव्हा तो सोज्वळ होता.

"बाबा, आज आवाज छान येतोय," येल्का कानात म्हणाली.

"आज सगळी व्यवस्था केली आहे."

"आई काय करतेय?"

"मटार धरून उभी आहे."

येल्काने पुढे विचारले नाही. ढगांवर आलो. ती वॉर्डातल्या एका नव्या डॉक्टरची नक्कल करू लागली. मी हसत होतो आणि आकडा चढत होता. तिला काही विचारायचे होते ते आज विचारील का, या विचाराने मी उंचीही नीट वाचीत नव्हतो. मटार विरघळू लागले. नेमक्या त्याच वेळी कुठून तरी एक आवाज येऊ लागला. कर्र, कर्र, थांबून पुन्हा कर्र.

"बाबा, हे काय?" येल्काचा स्वर एकदम कामाचा झाला. "डाव्या इंजिनाचा आवाज आहे का?"

"उजव्या बाजूने येतोय असं वाटतं."

"मला तुझ्याकडून ऐकू येतंय. तेलाचा दाब वाच."

मी वाचला. दाब ठीक होता. आम्ही शिस्तीने एकेक काटा पाहिला, कंपने पाहिली, इंधन पाहिले. दोन्ही इंजिने निर्दोष होती आणि कर्र मात्र वाढत होते. स्लाव्काने माझ्या खांद्यावर टिचकी मारली आणि भिंतीकडे बोट दाखवले. कोनाड्याच्या मागून वाळू झरत होती. पाहता पाहता पेटीच्या डोक्यावरून दिसणाऱ्या माझ्या आंधळ्या भोकाच्या टोकातून गिरमिटाचे अणकुचीदार टोक बाहेर आले, गोल फिरले, आणि मागे गेले.

आणि आकडा उतरू लागला. मी आधी विश्वासच ठेवला नाही. पेटीच्या मागचा पंखा आपला सारा तप्त उच्छ्वास त्या भोकातून पलीकडे सोडीत होता, आणि पुढून आमच्या खोलीतली गार हवा आत येत होती. जे मी आठवडाभर साधू शकलो नव्हतो, ते भिंतीच्या दुसऱ्या बाजूने कोणी तरी साधले होते. मला मेणबत्ती आणून धूर पाहण्याचा अनावर मोह झाला. परंतु हातात विमान होते.

भोकातून आवाज आला. हलका, धरून ठेवलेला.

"रंग आहे." मग वाळू फुंकल्याचा आवाज. "लाल आहे. हिरवा... अगं बाई, निळा. सगळेच आहेत. रेग, सगळेच आहेत रे."

स्लाव्काने तोंडावर हात ठेवला. मॉरीनबाई माझे गिरमिट ऐकून आठवडाभर त्यांच्या कोठीतून माझ्या ओपलच्या दिशेने खोदीत आल्या होत्या, आणि आता भोकाला डोळा लावून माझ्या पंख्यांतील दिवे पाहत होत्या.

"मॉरीन," मी शक्य तितक्या सौम्यपणे म्हणालो, "तो पंखा आहे."

"फिरतोय," त्या म्हणाल्या.

"पंखा असल्यामुळे."

"म्हणजे तू खरंच कॉम्प्युटरसाठी खोदत होतास?"

"मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं."

"तसं तर सगळेच सांगतात," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजातील ते मघाचे काही तरी निघून गेले. "आणि ही गरम वाफ कसली सोडतोयस माझ्या कोठीत? माझं लोणी आहे इथं. थांब."

भोक काळोखले. त्यांनी पलीकडून टॉवेलाचा बोळा कोंबला होता. आकडा क्षणभर थबकला आणि पूर्वीपेक्षा जोमाने चढू लागला. खाली धावपट्टीचे दिवे दिसू लागले होते.

"बाबा, चाकं," येल्का म्हणाली.

"सोडली. मॉरीन, बोळा काढा."

"नाही काढत. माझं पावलोव्हा केकचं लोणी विरघळतंय."

"पावलोव्हाला लोणी लागत नाही," स्लाव्का मध्येच म्हणाली. पाककृतीतील चूक तिला सहन होत नाही. "अंड्याचा पांढरा भाग लागतो."

"मला शिकवू नकोस, स्लाव्का. मी ड्राय जॅकमध्ये तुझ्याआधी आले."

"मॉरीन, आम्ही उतरणीला लागलो आहोत. विमानात प्रवासी आहेत."

"कुठले प्रवासी?"

हा प्रश्न मोठा कठीण होता. आकडा लाल झाला होता. मागील दोन्ही वेळी याच जागी पडदा काळा झाला होता. मला डेस्मंडचा मऊ आवाज ऐकू येऊ लागला. मी मायक्रोफोन तोंडाशी धरून म्हणालो, "येल्का, मॉरीनमावशीशी बोल. ती भिंतीत आहे."

माझ्या मुलीचे मी कौतुक करतो ते यासाठी, की तिने ‘कुठं?’ असे विचारले नाही. ती परिचारिका आहे. माणसे कुठेही असू शकतात, हे तिला ठाऊक आहे. मी कानाची जोडणी काढून आवाज मोठा केला.

"मॉरीनमावशी, मी येल्का. ऐकू येतंय?"

"येतंय गं. कशी आहेस? बारीक झालीस का?"

"बरी आहे. मावशी, बाबा गेला तर त्याची खुर्ची एका दंतवैद्याला देतील. आणि मला त्याला आज काहीतरी विचारायचं आहे. विमान उतरल्यावर. फक्त उतरेपर्यंत काढशील का ते?"

पलीकडे लोण्याचा विचार झाला असावा. मग बोळा सुटल्याचा आवाज आला, आणि भोकातून उजेड.

"उतरा," मॉरीनबाई म्हणाल्या. "पण हळू. लोणी आहे."

आकडा उतरला, विमानही उतरले. मी उंची मोठ्याने वाचीत गेलो, पन्नास, तीस, वीस, दहा, आणि चाके टेकली. जरा आपटली, तो दोष धुळीने खोकला आल्यामुळे येल्काचा नव्हे तर माझा होता. आम्ही धावपट्टीवरून वळून उभे राहिलो आणि मी स्वतःच्या हाताने दोन्ही इंजिने बंद केली. स्लाव्काने वितळलेले मटार खाली ठेवून डोळे पुसले, व हात ओले झाल्याचे सांगितले.

"बाबा," येल्का म्हणाली. "आपल्या गावच्या दवाखान्यात जागा निघाली आहे. मी अर्ज केला होता. त्यांनी हो म्हटलंय. मी वर्षभरासाठी घरी आले तर चालेल का? माझी खोली आता आईच्या शिवणकामाची झालीय, मला माहीत आहे. जागा नसेल तर मी दवाखान्याच्या आवारात राहीन."

एवढीशी गोष्ट विचारायला तिला दोन विमाने आणि अर्धा उन्हाळा लागला होता. मी सहवैमानिकाला शोभेल अशा स्थिर आवाजात म्हणालो, "जागेचं काय घेऊन बसलीस. तुझ्यासाठी नवी खोली खोदू."

भिंतीतून लगेच प्रश्न आला, "कुठल्या बाजूला?"